सजग स्वप्नातील वास्तवाभास

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ याचे भान आले, तर त्याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण देहातून सुटून खोलीत तरंगत आहोत, पलंगावर पडलेले आपलेच शरीर वरून पाहत आहोत, असे वाटणे हा देहबाह्य अनुभव. दोन्हींत नवख्याची एकच तक्रार असते: भान येताच रंग उतरतात, आकार विरघळतात आणि जाग येते. हा अनुभव टिकवण्याच्या आणि त्याला डोळ्यांपुढच्या जगाइतका भरीवपणा, म्हणजेच वास्तवाभास, आणण्याच्या प्रयत्नांचा विचार या नोंदीत केला आहे.

स्वप्नातील वस्तू कुठून येतात, हा प्रश्न भारतात फार जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की, तिथे ना रथ असतात, ना घोडे, ना वाटा. पाहणाराच ते सगळे निर्माण करतो. तिबेटी बौद्धांच्या स्वप्नयोगात साधक स्वप्नातील वस्तू लहानमोठ्या करतो, एकाच्या अनेक करतो. त्याचा हेतू मात्र नेमका उलटा. जागेपणीचे जगही असेच मायिक आहे हे उमगावे, म्हणून तो हे करतो.

युरोपात डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी 1913 मध्ये ‘ल्युसिड ड्रीम’ ही संज्ञा रूढ केली. त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग या विषयाच्या गाभ्याचा आहे. स्वप्नात त्यांनी वाइनच्या पेल्यावर जोरात मूठ मारली. पेला फुटला नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर तो फुटलेला होता. परिणाम झाला होता, पण उशिरा. आपण हुबेहूब उभारलेल्या, तरी कुठेकुठे चुकलेल्या नकली जगात आहोत, असे त्यांना वाटले. स्वप्नातल्या वाइनची चव मात्र त्यांना अगदी स्पष्ट लागली होती.

असे अनुभव केवळ आठवणीचे खेळ नाहीत, हे प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला आणखी सहा दशके लागली. स्वप्नांनी भरलेल्या रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडतात, पण डोळे हलत राहतात. त्याचा फायदा घेऊन 1975 मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्याकडून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी झोपेतूनच खूण मिळवली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. 2018 मध्ये लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी याच तंत्राने वास्तवाभासाची थेट परीक्षा घेतली. हलत्या वस्तूचा पाठलाग करताना जागेपणी नजर सलग सरकते. तीच हालचाल मिटल्या डोळ्यांनी नुसती कल्पिली, तर नजर तुटक उड्या मारते. सजग स्वप्नात ती सलग सरकली. म्हणजे या एका कसोटीवर तरी स्वप्नातले पाहणे कल्पनेपेक्षा खऱ्या पाहण्याच्या जवळचे ठरले.

यावरून सरावाची दिशाही कळते. चित्र मनाने ‘रंगवण्याचा’ खटाटोप करणे म्हणजे उलट कल्पनेकडे सरकणे. स्वप्न भरीव होते ते इंद्रियांना काम दिल्याने, आणि त्यातही स्पर्शाला. दृश्य फिके पडू लागले की स्वप्नातले तळहात एकमेकांवर घासावेत, त्यांची ऊब जाणवू द्यावी. भिंतीवरून बोटे फिरवून गिलाव्याचा खरखरीतपणा चाचपावा, नळाच्या पाण्याखाली हात धरावा, तुळशीचे पान चुरडून नाकाशी न्यावे. हात पसरून जागच्या जागी गरगर फिरणे हा लाबर्ज यांनी सुचवलेला दुसरा उपाय. लोकांनी घरी करून कळवलेल्या त्यांच्या प्रयोगात, स्वप्न आपोआप पुढे जाऊ देण्यापेक्षा हात घासणे व फिरणे हे दोन्ही उपाय बरेच सरस ठरले. त्यांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे: स्वप्नातल्या देहाच्या संवेदनांत लक्ष गुंतले की अंथरुणातल्या देहाकडे वळायला ते मोकळे राहत नाही. फिरताना ‘पुढे येईल तेही स्वप्नच’ हे मनात घोळवावे लागते. नाहीतर फिरणे थांबते तेव्हा आपण पलंगावर जागे झालो असे वाटते, आणि ते जागे होणेही स्वप्नातलेच असते.

एकाच बिंदूवर नजर खिळवणे टाळावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोली यांनी तो उपाय मुद्दाम जागे होण्यासाठी सांगितला आहे. अति आनंदानेही झोप मोडते, म्हणून भान आल्याबरोबर उडायला जाण्यापेक्षा आधी थोडे थांबून आजूबाजूला पाहणे बरे.

वेळेलाही महत्त्व आहे. रेम झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. त्यामुळे पाच-एक तास झोपून थोडा वेळ उठणे आणि ‘पुढच्या स्वप्नात मला भान येईल’ असा निश्चय करून पुन्हा झोपणे, ही पद्धत बरीच वापरली जाते. उशाशी वही ठेवणे तितकेच गरजेचे. जे आठवत नाही ते किती खरे वाटले होते, याला अर्थ उरत नाही.

काही उणिवा कशानेही जात नाहीत. लिहिलेला मजकूर दुसऱ्यांदा वाचला की बहुधा बदलतो. हर्न यांनी स्वप्नात दिवा लावायला सांगितले, तेव्हा बहुतेकांना खोली उजळता आली नाही.

देहबाह्य अनुभवात वास्तवाभास सर्वांत तीव्र असतो, कारण दिसते ती आपलीच ओळखीची खोली. जागेपणातून थेट स्वप्नात शिरताना, विशेषतः शरीर जखडल्यासारखे होऊन मन जागे राहते त्या क्षणी, तो येण्याचा संभव अधिक. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांना 1970 मध्ये ऑक्सफर्डला असा दीर्घ अनुभव आला. पण त्यात पाहिलेली छपरे आणि धुराडी दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षाशी जुळली नाहीत. 2002 मध्ये मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका स्त्री रुग्णाच्या मेंदूत उजव्या बाजूच्या कोनीय वलय (अँग्युलर जायरस) या भागाला विद्युत उद्दीपन दिले, तेव्हा तिला आपण वर तरंगत स्वतःला पाहत आहोत असे वाटले. देह कुठे आहे याचा हिशेब मेंदू मांडतो आणि तो चुकूही शकतो, असे यातून दिसते. अनुभव कितीही खरा वाटला तरी आत्मा बाहेर पडल्याचा तो पुरावा मानता येत नाही.

अल्झायमरवरील गॅलँटामाइन हे औषध सजग स्वप्नांचे प्रमाण वाढवते, असे 2018 च्या एका चाचणीत आढळले. तरी ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेण्याची गोष्ट नव्हे. झोप वारंवार मोडणाऱ्या पद्धती रोज वापरू नयेत. ज्यांना भास होतात किंवा खरे-खोटे यांतला फरक आधीच डळमळतो, त्यांनी हा सराव करूच नये.