पुठ्ठ्यावरची काच: मोठ्या हौशी रॉकेटच्या मजबुतीमागचा इतिहास

काचतंतूंनी विणलेलं काचेचं कापड, म्हणजेच फायबरग्लास, कोरडं असताना पांढरंशुभ्र असतं, हाताला रेशमासारखं बुळबुळीत लागतं. ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून वरून एपॉक्सी रेझिनचा, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचा, ब्रश फिरवला की जिथे जिथे भिजतं तिथे तिथे दिसेनासं होतं. पांढरेपणा विरतो आणि खालचा तपकिरी पुठ्ठा पुन्हा वर येतो. मध्येच एखादा पांढरट ठिपका उरला तर समजायचं, तिथे हवा अडकली आहे. तो ठिपका आत्ताच बोटाने दाबून काढायचा, नाहीतर उड्डाणात पापुद्रा तिथूनच सुटतो.

अमेरिकेत चार-साडेसात इंच व्यासाची, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी रॉकेटं हौसेने बांधणारे लोक गेली चाळीसेक वर्षं हे काम गॅरेजमध्ये करत आले आहेत. किट विकत आणायचं, त्यातली पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख आणि प्लास्टिकचं टोक काढून ठेवायचं आणि आधी मजबुतीकरणाला बसायचं. किट विकणाऱ्यानेच ते पुरेसं मजबूत का करून दिलं नाही, आणि मजबुतीच हवी तर सरळ अॅल्युमिनियमचा पाइप का नाही, हे प्रश्न नवख्याला पडतातच. त्यांची उत्तरं रॉकेटच्या कारखान्यात सापडत नाहीत. त्यासाठी 1957 सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी 4 ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला आणि अमेरिकेतली पोरं तळघरात रॉकेटं बनवू लागली. लोखंडी किंवा तांब्याच्या नळीत जस्त आणि गंधकाची पूड ठासायची, काड्यांची गुलं खरवडून भरायची आणि पेटवून पळायचं. नळी फुटली की तिचे तुकडे बाँबच्या कवचासारखे उडत. कुणाची बोटं गेली, कुणाचा डोळा गेला, काही मुलं जिवाला मुकली. या मुलांना वाईट हेतू नव्हता. त्यांच्या हातात फक्त चुकीचा माल होता.

योग्य माल आधीच तयार होता. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल बुटांचं दुकान चालवत आणि त्यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती उडवत. 1954 मध्ये दोघांनी मिळून कागदी नळीचं, बाल्सा लाकडाच्या पंखांचं, पॅराशूटने अलगद खाली येणारं छोटं रॉकेट केलं. मोटर, म्हणजे इंधन भरलेलं, जळून रेटा देणारं नळकांडं, तीही कागदी कवचाची आणि एकदा वापरून फेकून द्यायची. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स चाचणी केंद्रात सुरक्षिततेचं काम पाहणारे जी. हॅरी स्टाइन यांचा लेख वाचून कार्लाइलनी त्यांना नमुने पाठवले. स्टाइननी त्यातलं मर्म ओळखलं. 1957 मध्येच नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी राहिली. पुढच्या वर्षी व्हर्नन एस्टेस यांनी कागदी मोटरी यंत्रावर भराभर तयार करायला सुरुवात केली आणि छंद घराघरांत गेला.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत शहाणा निर्णय कागदाचा होता. कागद फुटला तर चिंध्या होतात, छर्रे होत नाहीत. रॉकेट उलटं आलं तरी नळी चेपते, बाल्सा मोडतो आणि बराचसा मार ते स्वतःच खातं. म्हणजे सुरक्षितता मालाच्या दुबळेपणातच होती. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ते देता यायचं, कारण त्याची चूक कागद पोटात घालायचा. धातू नको हा नियम तिथून आला आणि आजही टिकून आहे. मोठ्या रॉकेटांच्या सुरक्षा-नियमांत चालणाऱ्या मालाची नावं आहेत: कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबरग्लास, आणि गरजच पडली तर वाकणारा, न तडकणारा धातू. त्या यादीत फायबरग्लास आलं ते मात्र दुसऱ्याच वाटेने.

काच ठिसूळ का, याचं उत्तर इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920-21 च्या सुमारास दिलं. काच मुळात कमकुवत नसते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि ताण आला की सगळा भार त्या भेगेच्या टोकाशी एकवटतो. त्यांनी काचेचे तंतू ओढून तोडून पाहिले, तेव्हा तंतू जितका बारीक तितका त्याच्या जाडीच्या मानाने चिवट निघाला. बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही. ताज्या ओढलेल्या काचतंतूची ताणशक्ती बांधकामाच्या पोलादाहून कितीतरी जास्त असते आणि वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. खिडकीच्या तावदानाला दगड लागताना पाहिलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण आहे तसंच.

तंतू स्वस्तात काढायची रीत 1932 मध्ये ओहायोत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत हाती लागली. डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या विटा एकमेकींना सांधायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर हवेचा झोत बसला आणि तिचे तंतू उडाले. गेम्स स्लेटर यांनी त्याचं पक्कं तंत्र केलं. एपॉक्सी रेझिन 1930-40 च्या दशकांत स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्ताँ आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांच्या कामातून आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरचे घुमट काचतंतू आणि रेझिनचे झाले, कारण त्यातून रेडिओलहरी आरपार जातात. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. युद्धानंतर होड्या आल्या. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात ज्याला सगळे सरसकट ‘फायबरची होडी’ म्हणतात तीही याच कुळातली.

1957 मध्येच स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी फिनिक्स नावाचं ग्लायडर उडवलं. मध्ये बाल्सा आणि दोन्ही अंगांना काचेचं कापड अशी त्याची रचना होती. इकडे अमेरिकेत कागद आणि बाल्साच्या रॉकेटांची संघटना आणि तिकडे जर्मनीत काच चढवलेला बाल्सा, दोन्ही एकाच वर्षी. एकमेकांना भेटायला मात्र त्यांना वीस-पंचवीस वर्षं लागली, कारण तोवर रॉकेटला काचेची गरजच नव्हती. एक पौंडाचं रॉकेट, त्यात जास्तीत जास्त चार औंस इंधन, एवढ्याला पुठ्ठा पुरेसा होता.

गरज मोटरीमुळे निर्माण झाली. मोटरींना अक्षरं असतात आणि प्रत्येक अक्षराला एकूण आवेगाची (रेटा गुणिले तो टिकतो तेवढा वेळ) मर्यादा दुप्पट होते. ए मोटरची मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद, जीची 160, एमची 10,240. म्हणजे ए आणि एममध्ये 4,096 पटींचं अंतर. तोवरच्या मोटरींतल्या काळ्या दारूवर, म्हणजे गनपावडरवर, इतकं वर जाता येत नाही. 1970 च्या सुमारास इर्व्ह वेट यांच्या एनरजेट मोटरींनी हौशी लोकांपुढे नवं इंधन आणलं: रबरासारख्या बंधकात घट्ट बसवलेलं अमोनियम परक्लोरेट. तेवढ्याच वजनाच्या काळ्या दारूपेक्षा ते दुपटीहून अधिक आवेग देतं. 1982 मध्ये गॅरी रोझेनफिल्ड यांची एरोटेक सुरू झाली. त्याच वर्षी ओहायोतल्या मेडिना इथे क्रिस पिअर्सन यांच्या पुढाकाराने एलडीआरएस हा मेळावा भरला. या आद्याक्षरांचा अर्थच ‘मोठी आणि धोकादायक रॉकेटं’ असा होतो. कॅलिफोर्नियात ल्यूसर्नच्या कोरड्या तळ्यात आधीपासून अशी उड्डाणं होत होती. ट्रिपोली हे पेन्सिल्व्हेनियातलं 1964 सालचं मंडळ या लोकांची राष्ट्रीय संघटना झालं. 1957 ची जुनी संघटना आधी अंतर राखून होती; पुढे तिनेही ही वाट मान्य केली.

आणि मग रॉकेटं मोडू लागली. ध्वनीच्या वेगाजवळ पातळ पंख झेंड्यासारखे फडफडतात आणि मुळातून उपटले जातात. वेग ओसरण्याआधी पॅराशूट उघडलं तर जाड दोरी नळीची कड चिरत खाली येते. हौशी लोक त्याला ‘झिपर’ म्हणतात, कारण चीर अगदी चेन उघडल्यासारखी दिसते. पुठ्ठ्याला पर्याय म्हणून फिनॉलिक रेझिन मुरवलेल्या नळ्या आल्या. त्या कडक होत्या, पण जमिनीवर जोरात आपटल्या की कपासारख्या तडकायच्या. कडक पण ठिसूळ अशा नळीला बाहेरून चिवट सदरा चढवायचा, ही कल्पना होड्या आणि विमानं बांधणाऱ्यांकडून उचललेली होती. मिशिगनच्या गुजॉन बंधूंनी लाकडी होड्यांसाठी काढलेलं वेस्ट सिस्टिम एपॉक्सी आजही अनेक रॉकेटवाल्यांच्या फळीवर असतं.

प्रत्यक्ष कामात खरी मेहनत कापडाच्या आधीच असते. किटमधल्या पुठ्ठ्याच्या नळीवर चकचकीत कागदाचा थर असतो. तो सोलायचा किंवा पॉलिशपेपरने घासून काढायचा, नाहीतर रेझिन पुठ्ठ्यात मुरत नाही आणि सदरा नुसता वर बसून राहतो. मग चौरस यार्डाला सहा औंसांचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दोनशे ग्रॅमचं कापड, दोन-तीन वेढे. रेझिन खोल भांड्यात कालवून ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरावतं आणि हातातच दगड होतं. म्हणून ते लगेच पसरट ताटलीत ओतायचं. जुन्या बँक कार्डाने जादा रेझिन निपटून काढायचं, कारण ताकद कापडात असते आणि जादा रेझिन हे फक्त वजन. अर्धवट वाळून रबरासारखं झालं की धारदार पात्याने कडा छाटायच्या. ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी करवत घ्यावी लागते आणि उडणारी काचेची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावावाच लागतो.

पंखांचा प्रकार वेगळा. प्लायवूडच्या पंखाचा खालचा पट्टा नळीच्या फटीतून आत जाऊन मोटरच्या नळीला चिकटतो. बाहेरच्या कोपऱ्यात घट्ट एपॉक्सीची गोलाई भरतात आणि कापडाचा एकच तुकडा एका पंखाच्या टोकापासून उतरून, नळीवरून जाऊन, शेजारच्या पंखाच्या टोकापर्यंत चढवतात. धागे पंचेचाळीस अंशांत तिरके ठेवले की पंखाला पीळ बसत नाही, आणि फडफडीची सुरुवात पिळातूनच होते. असे थर दिलेला पंख पकडून नळी हलवली तर सगळं मिळून एक हाड असल्यासारखं वाटतं.

इथेच उत्साहाला आवर घालावा लागतो. पंखांवर चढवलेला प्रत्येक ग्रॅम शेपटाकडे जातो आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. रॉकेट सरळ जायचं तर गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा निदान एका व्यासाने पुढे हवा. ते केंद्र काढायची समीकरणं नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या जेम्स बॅरोमन यांनी 1966-67 मध्ये हौशी लोकांच्या हाती दिली. शेपूट जड झालं की टोकात शिसं भरावं लागतं. शिसं भरलं की वजन वाढतं, मग मोठी मोटर, मग आणखी थर. नियम सांगतो की रॉकेटचं वजन मोटरच्या सरासरी रेट्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. गरजेपेक्षा जास्त काच हा अनेकांच्या पहिल्या मोठ्या रॉकेटचा दोष असतो, असं मला वाटतं. लहान मोटरवर संथ उडणाऱ्या रुंद पुठ्ठ्याच्या रॉकेटला काच लागतच नाही. म्हणूनच किटवाल्यांनी ती सरसकट घातली नाही.

काच आल्यावर एक मोठी गोष्ट बदलली. काचेचं रॉकेट चेपत नाही. कार्लाइलांच्या कागदात होती ती क्षमा इथे नाही. पॅराशूट न उघडता खाली आलं तर ते भाल्यासारखं जमिनीत घुसतं. मालातली सुरक्षितता गेली, तेव्हा ती माणसात आणावी लागली. 1990 च्या दशकात मोठ्या रॉकेटांसाठी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेची एनएफपीए 1127 ही संहिता आली, प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिलीवर एच आणि आय मोटरी, लेखी परीक्षा दिल्यावर दुसरीवर जे ते एल, आणि तिसरीवर एम ते ओ. एम मोटर पेटवताना माणसांनी किमान पाचशे फूट दूर थांबायचं. सरकारचा विश्वास मिळवायला त्याहून वेळ लागला. परक्लोरेटचं इंधन स्फोटकांच्या संघीय यादीत होतं. दोन्ही संघटनांनी 2000 मध्ये खटला भरला आणि मार्च 2009 मध्ये न्यायालयाने ते यादीतून वगळलं. पुढच्याच महिन्यात, 25 एप्रिलला, मेरिलँडमध्ये स्टीव्ह ईव्हज यांची छत्तीस फुटी सॅटर्न पाच, म्हणजे माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या रॉकेटची प्रतिकृती, उडाली. मूळ रॉकेटच्या एक दशांश आकाराची, सातशे किलोंहून जड, आणि पॅराशूटवर सुखरूप उतरलेली.

आता तयार काचतंतूच्या नळ्याही मिळतात. साच्यावर धागा गुंडाळत नळी करायची ही रीत पाणबुडीतून सुटणाऱ्या पोलारिस ए-3 क्षेपणास्त्राच्या दोन्ही टप्प्यांच्या कवचांना 1960 च्या दशकात वापरली गेली होती. हौशी किटांत ती आल्यापासून कापड चढवण्याचं काम पंखांपुरतं उरलं आहे. कार्बनचं कापड त्याहून ताठ, पण ते रेडिओलहरी अडवतं. टोकात जीपीएस आणि ट्रान्समीटर ठेवणारे म्हणून टोक काचेचंच ठेवतात. महायुद्धातल्या त्या घुमटांचा गुण इथे उपयोगी पडतो.

आपल्याकडे कापड, रेझिन, हार्डनर होडीवाल्यांच्या दुकानात मिळतं. अडतं ते मोटरीपाशी. प्रणोदक, म्हणजे रॉकेटचं इंधन, म्हटलं की 1884 चा स्फोटक कायदा आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा परवाना आला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या रॉकेट स्पर्धेत भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ उतरले आहेत, पण शाळकरी मुलापासून एम मोटरपर्यंत पायरी-पायरीने नेणारी व्यवस्था आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही, आणि ती राहावी असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या पायरीला बसणाऱ्याला रॉकेट बांधण्याआधी आराखडा दाखवावा लागतो आणि अनुभवी परीक्षक काम तपासतात. म्हणून बांधणारा प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवतो: आतल्या सांध्यातली गोलाई, मोटरच्या नळीवर चढलेलं कापड, पॅराशूटची दोरी जिथे बांधली ती कडी. मागची शेवटची प्लायवूडची गोल चकती एकदा चिकटली की आतलं काम पुन्हा कुणालाच पाहता येत नाही.