कॉस्केर गुहा

कॉस्केर गुहा ही दक्षिण फ्रान्समधली, मार्सेय शहराजवळची एक चित्रगुहा. तिचं तोंड आज भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाखाली साधारण 37 मीटरवर आहे, तिथून जवळपास 175 मीटर लांब अरुंद बोगद्यातून वर वर पोहत गेलं की मग पाण्याबाहेरचा, हवा असलेला भाग लागतो आणि चित्रं आहेत ती तिथे. चित्रं काढणारी माणसं अर्थातच पोहत गेली नव्हती. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता, किनारा काही किलोमीटर लांब होता आणि गुहेचं तोंड कोरड्या डोंगरउतारावर होतं. नंतर बर्फ वितळलं, पाणी चढलं, गुहेचा बराचसा भाग बुडाला आणि तिथल्या भिंतींवर जे काही असेल ते कायमचं गेलं.

ही नोंद वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी हे नाव बहुतेक रहस्यकथांच्या निमित्ताने ऐकलेलं असेल. आजचे खून आणि आदिमानवाची गुहाचित्रं यांचा धागा जोडणाऱ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा एक छोटासा प्रवाहच आहे, आणि या गुहेवर बेतलेली, मार्सेयमध्ये घडणारी अशी फ्रेंच कादंबरी येऊन गेलेली आहे, तिच्यात खुनाच्या जागी बोटं नसलेल्या हाताचं चित्र सापडतं. लेखकांना हीच गुहा का खुणावते हे तिचा इतिहास बघितला की लगेच कळतं, कारण मृत्यू, गुपित, खरं-खोटं ठरवणं, सगळं इथे आधीच घडलेलं आहे.

गुहेला नाव मिळालं ते मार्सेयजवळच्या कासी गावच्या ऑन्री कॉस्केर या व्यावसायिक डायव्हरवरून. 1985 मध्ये तो आत पोचला आणि गप्प राहिला. भिंतीवरच्या हाताच्या ठशाकडे त्याचं लक्ष गेलं ते 1991 च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला तीन डायव्हर त्या बोगद्यात मरण पावले, गाळ ढवळला गेला की तिथे हाताएवढ्या अंतरावरचंही दिसत नाही आणि बाहेरची वाट सापडत नाही. त्यानंतर लगेच कॉस्केरने शोधाची अधिकृत नोंद केली आणि बोगद्याचं तोंड बंद करण्यात आलं.

मग सुरू झाला वाद. प्रोव्हान्समध्ये, म्हणजे मार्सेयच्या भोवतालच्या प्रांतात, तोवर अशी चित्रं माहीत नव्हती, त्यात आत जाऊन तपासायचं तर डायव्हिंग यायला हवं, त्यामुळे काही तज्ज्ञांनी चित्रं न बघताच खोटी म्हणून टाकली. झां कूर्तां हा पुरातत्त्वज्ञ स्वतः डायव्हर होता, तो आत गेला, झां क्लॉत या गुहाचित्रांच्या अभ्यासकासोबत त्याने पुढचा अभ्यास केला. रेषांवर चढलेला चुनखडीचा पातळ थर आणि चित्रांतल्या कोळशाचं वय सांगणारी कार्बन कालमापनाची उत्तरं या दोन गोष्टींनी प्रकरण मिटलं. आधी दोन टप्पे मांडले गेले, 27 हजार वर्षांपूर्वीचा हातांच्या ठशांचा आणि 19 हजार वर्षांपूर्वीचा प्राण्यांच्या चित्रांचा, नंतरच्या सुधारित मोजणीत सुरुवात 33 हजार वर्षांच्या आसपास मागे गेलीये.

प्राण्यांमध्ये घोडे सगळ्यात जास्त, मग रानबकरे, गवे, हरणं. पण गुहेचं वेगळेपण आहे ते समुद्री जिवांमध्ये, सील आणि ग्रेट ऑक नावाचे पेंग्विनसारखे दिसणारे पक्षी, जे 1844 च्या सुमारास जगातून संपले. आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांमध्ये गेंडा दिसतो तेव्हा जो धक्का बसतो तोच इथे बसतो, आज त्या भागात नसलेला प्राणी कुणीतरी नीट बघून काढून ठेवलाय.

आता 'मारलेला माणूस'. हे संशोधकांनी दिलेलं नाव. साधारण 28 सेंटीमीटरची कोरीव आकृती, उताणी पडल्यासारखी, डोकं माणसापेक्षा सीलसारखं, आणि अंगातून आरपार गेलेली एक लांब रेघ, जी भाला असावी असं मानतात. हा सील की माणूस की दोन्ही, यावर एकमत नाही. अंगात रेघा घुसलेल्या मानवी आकृत्या फ्रान्समध्येच कून्याक आणि पेश मेर्ल या गुहांमध्येही आहेत, म्हणजे हा एकट्या कुणाच्या डोक्यातला प्रकार नव्हता. पण याला 'जगातला पहिला खून' म्हणणं मला पटत नाही, ती घटनेची नोंद असेल, एखादी गोष्ट असेल, कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलेली करणी असेल, रेघेवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

हातांचं कोडं जास्त खोल आहे. हात भिंतीवर टेकवायचा, तोंडाने रंग फुंकायचा आणि हात उचलायचा, मग मागे रिकामी जागा राहते आणि भोवती काळा किंवा लाल रंग. असे साठहून जास्त हात इथे आहेत, त्यातल्या बऱ्याच हातांची बोटं अर्धवट आहेत. पिरेनीज पर्वतातल्या गार्गास गुहेतही तेच. कादंबरीकार सरळ बोटं कापण्याच्या विधीवर जातात, आणि ते अगदीच हवेतलं नाही, 2018 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शंभराहून जास्त समाजांतली बोटं कापण्याची उदाहरणं गोळा करून तोच मुद्दा मांडला. हिमदंश, आजार हीही कारणं सुचवली गेलीत. पण या हातांचा अंगठा कायम शाबूत असतो, आणि म्हणून बोटं दुमडून काढलेल्या खुणा, शिकारीत न बोलता करायच्या इशाऱ्यांसारख्या, हे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लरुआ-गूरां यांनी 1967 मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला जास्त भक्कम वाटतं. थंडीने किंवा रोगाने बोटं गेली असती तर इतक्या हातांमध्ये अंगठा दरवेळी कसा वाचेल?

काही हातांवर नंतर कुणीतरी मुद्दाम रेघा ओढल्यात, जणू ते रद्दच केलेत. हे कुणी आणि का केलं, यावर रहस्यकथावाल्यांनी फारसं लिहिलेलं दिसत नाही, खरं तर सगळ्यात मोठा धागा तोच आहे. आधीच्यांची खूण नंतरच्यांना नको होती का? मऊ भिंतींवरून बोटं फिरवून चुनखडीचा लगदा खरवडून नेल्याचंही दिसतं, तो औषध म्हणून वापरत असावेत असा एक अंदाज आहे.

गुहा आजही लोकांसाठी बंदच आहे. समुद्राची पातळी वाढतेय आणि खालच्या भिंतीवरच्या घोड्यांपर्यंत पाणी पोचतंय, म्हणून पूर्ण गुहेचं त्रिमितीय स्कॅनिंग करण्यात आलं. त्यावरून बांधलेली प्रतिकृती जून 2022 पासून मार्सेयच्या बंदरावर, व्हिला मेदितेरानेच्या इमारतीत बघता येते.