तळ्यात की मळ्यात? फोनवरच्या ठिपक्याची गोष्ट

गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, संध्याकाळ होती. जुळे सोलापूरहून ताईचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अरे, पोरगं तळ्यात दिसतंय की! आणि फोन लागेना."

माझा सोळा वर्षांचा भाचा मित्रांबरोबर यात्रेला गेला होता. घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये एक कुटुंब-अॅप आहे. नकाशावर प्रत्येकाचा गोल फोटो हलत राहतो. मी ते उघडून पाहिलं, तर खरंच, पोराचा हसरा चेहरा सिद्धेश्वर तलावाच्या ऐन मध्यावर, पाण्यात. आता सिद्धेश्वराचं देऊळच मुळी तळ्यात आहे, त्यामुळे त्या भागात ठिपका पाण्यात दिसणं ही काही आक्रीत गोष्ट नाही. पण हे ताईला सांगून उपयोग नव्हता. वीस मिनिटांनी पठ्ठ्याचा फोन आला. होम मैदानावर मिरचीभजी खात होता.

लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो. ओळीवर पाय ठेवून उभं राहायचं आणि हुकूम आला की उडी. फोनमधला ठिपका दिवसभर तोच खेळ खेळत असतो. आपण मात्र त्याला सातबाऱ्यावरची नोंद समजतो.

पुष्कळांना वाटतं की उपग्रह वरून आपल्यावर नजर ठेवून असतात. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह फक्त बोलतात, ऐकत नाहीत. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राला कुठल्या घरात रेडिओ लागलाय ते ठाऊक नसतं, तसंच हे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तीसएक उपग्रह एकच गोष्ट सतत सांगत राहतात: मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला त्यावरून फोन अंतर काढतो आणि निदान चार उपग्रहांची अंतरं जुळवून स्वतःची जागा ठरवतो. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, म्हणजे एका मायक्रोसेकंदाची, चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळं असतात. ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. हा आईनस्टाईनच्या सापेक्षतेचा परिणाम. त्याची वजावट केली नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरचा घोळ होईल. भजी खाणाऱ्या पोराला शोधायला आईनस्टाईन लागतो, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

खाली पोहोचेपर्यंत हा संदेश अगदीच क्षीण झालेला असतो. माणसाच्या शरीरातलं पाणीसुद्धा तो शोषून घेतं. गड्ड्याच्या गर्दीत खिशातला फोन चहूबाजूंनी माणसांनी वेढलेला असतो, म्हणजे पाण्याच्या पखालींतच म्हणा ना. नवी पेठेच्या गल्लीबोळात वेगळीच अडचण येते. तिथे संदेश समोरच्या इमारतीवर आपटून वळसा घेऊन येतो. उशीर वाढला की फोनला वाटतं अंतरच वाढलं, आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो.

उपग्रह नीट ऐकू आले नाहीत की फोन दुसऱ्यांना विचारतो. जवळ कुठला मोबाईल टॉवर आहे? आजूबाजूला कोणकोणते वायफाय राउटर दिसतात? कुठला राउटर कुठे आहे याच्या भल्यामोठ्या नोंदी कंपन्यांकडे असतात. आमच्या वाड्यात एक भाडेकरू पुण्याहून राहायला आला तेव्हा त्याने राउटरही सोबत आणला. पुढचे काही दिवस घरात बसलेला मी अधूनमधून कोथरूडला दिसत होतो. बायकोने विचारलं, "तिकडं कोण आहे?" भाडेकरूच्या राउटरमुळे संसारात किती किल्मिष येऊ शकतं!

उघड्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. इतरत्र ही चूक वीस, पन्नास, कधी काहीशे मीटरवर जाते, आणि ते फोनला स्वतःला माहीत असतं. जागेबरोबर तो एक त्रिज्याही काढतो. अँड्रॉइडमध्ये त्या त्रिज्येचा अर्थ असा की तुम्ही या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. म्हणजे ढोबळमानाने दर तीन वेळांपैकी एकदा तुम्ही वर्तुळाच्याही बाहेर असता. नकाशाच्या अॅपमध्ये हे वर्तुळ फिक्या निळ्या रंगात दिसतं. कुटुंब-अॅपमध्ये मात्र ठसठशीत दिसतो तो फोटो. मुलाचा चेहरा अमुक बिंदूवर बसलेला दिसला की कोणत्या आईच्या मनात ६८ टक्के येतील?

वर्तुळाइतकीच महत्त्वाची असते ती वेळ. भाची पुण्याला शिकते. हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांच्या आसपासचा प्रवास. एकदा कुर्डुवाडी सोडल्यावर तिचा ठिपका जो थांबला तो तासभर तिथेच. ताईने मला उठवलं, मी भाचीच्या मैत्रिणीला उठवलं. गाडी मात्र भिगवणही मागे टाकून गेली होती. इथे दोन कामांची गल्लत होते. आपली जागा ओळखायला फोनला इंटरनेट लागत नाही, पण ती दुसऱ्याला कळवायला लागतं. रेंज गेली की अॅप शेवटची माहीत असलेली जागा दाखवत बसतं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहितं, "४७ मिनिटांपूर्वी". ती बारीक अक्षरं आधी वाचायची असतात. भर म्हणून फोन बॅटरी वाचवायला अॅपला झोपवून ठेवतो. अँड्रॉइडच्या २०१७ च्या आवृत्तीपासून पडद्यामागे चालणाऱ्या साध्या अॅपला तासातून मोजक्या वेळाच फोनची जागा कळते. 'मुलगी कॉलेजात पोहोचली' अशी जी सूचना येते, तीही दोन-तीन मिनिटं उशिरा येणं हे साहजिकच धरलं जातं. आणि त्या सूचनेसाठी नकाशावर कॉलेजभोवती आखलेलं कुंपण शंभर-दीडशे मीटरपेक्षा लहान ठेवलं तर ती वेळीअवेळी वाजत राहते.

त्या प्रसंगानंतर भाची सुट्टीत आली ती ठरवूनच. "मामा, हे बंद कसं करायचं ते तू सांग. आईला सांगायचं कामही तूच कर."

बंद करणं म्हणजे नेमकं काय, इथेच बहुतेक जण चुकतात, कारण बटणं एकाहून अधिक आहेत. फोनचं लोकेशनच बंद केलं तर नकाशा, रिक्षा बोलावणं, हरवलेला फोन शोधणं, सगळंच अडतं. ढेकणासाठी घर जाळल्यासारखं ते. दुसरं बटण परवानगीचं: या एका अॅपला लोकेशन कधी द्यायचं? सर्व वेळ, फक्त अॅप उघडं असताना, दर वेळी विचारून, की कधीच नाही? कुटुंब-अॅप हटकून 'सर्व वेळ' मागतात. तिसरं बटण अॅपच्या आत असतं, कोणाला दाखवायचं याचं. हे बंद केल्यावर काही अॅप बाकीच्यांना लगेच कळवतात की अमुक व्यक्तीने लोकेशन थांबवलं. म्हणून घरात आधी बोलून मग बंद केलेलं बरं, नाहीतर तीच एक भांडणाची सुरुवात होते.

भाचीला मी चौथं बटण दाखवलं. ते मला सगळ्यांत आवडतं, आणि त्याला एक इतिहास आहे. जीपीएस हे अमेरिकी लष्कराचं काम. सामान्य माणसाला मिळणारा संदेश ते पूर्वी मुद्दाम बिघडवून देत असत, इतका की जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ही मुद्दाम केलेली धूसरता बंद झाली आणि त्यानंतरच हातातल्या नकाशाला अर्थ आला. वीस वर्षांनी तीच धूसरता आपल्या खिशात परत आली, पण या खेपेला तिची दोरी आपल्या हातात आहे. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून प्रत्येक अॅपपुरतं ठरवता येतं की त्याला अचूक जागा द्यायची की अंदाजे. अँड्रॉइडमध्ये 'अंदाजे' म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरचा पट्टा. सिद्धेश्वर मंदिर मधोमध धरलं तर किल्ला, होम मैदान, पार्क चौक सगळं त्यात आलं. पोरगं गड्ड्यात आहे एवढं आईला कळतं. कोणत्या स्टॉलवर, कोणाबरोबर, ते कळत नाही. माझ्या मते आईला पहिल्याचीच गरज असते. काही अॅप 'अंदाजे'वर समाधान मानत नाहीत आणि अचूकच द्या म्हणून अडून बसतात. तिथे अॅपबद्दलच विचार करावा.

धूसरता अंतरात ठेवता येते तशी काळातही. व्हॉट्सअॅपवरचं थेट लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास एवढ्यापुरतंच चालतं आणि आपोआप संपतं. सोलापूर-पुणे प्रवासाला ८ तास रग्गड झाले. गुगल मॅप्समध्येही तासांची मुदत घालता येते, पण तिथे 'मी बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे. तो एकदा दाबला की माणूस विसरतो. शिवाय तिथे जागेबरोबर तुमच्या फोनची बॅटरी किती उरली तेही समोरच्याला दिसतं. 'चार्जिंग संपलं होतं' ही सबब आता चालत नाही, हे भाचीने आधीच ओळखलं होतं.

एक गोष्ट मला जरा गंभीरपणे सांगायची आहे. कितीतरी बायकांच्या फोनमधलं गुगल खातं दुकानदाराने, भावाने किंवा नवऱ्याने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्डही त्यांच्याकडेच असतो. ते खातं दुसऱ्या फोनवर उघडलं तर हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून तुमची जागा दिसू शकते. लोकेशन कोणाला दिलंय त्या यादीत मात्र कोणाचंच नाव नसतं. म्हणून यादी तपासायची तशी आपलं खातं कोणकोणत्या फोनवर चालू आहे तेही तपासायचं, पासवर्ड बदलायचा, आणि नवा कोणाला सांगायचा नाही. आयफोनमध्ये २०२२ पासून 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे. कोणाकोणाला काय दिसतंय ते तिथे एका जागी दिसतं आणि तिथूनच तोडताही येतं. ज्या घरात धाक आहे तिथे हे अचानक तोडण्याआधी मात्र विश्वासातल्या कोणाशी तरी बोलून घ्यावं. ठिपका गायब झालेला समोरच्याला दिसतो.

इथवर घरातली माणसं. पण ठिपका आईच्या फोनवर जातो तो कंपनीच्या सर्व्हरवरून. लाइफ३६० हे अमेरिकेतलं गाजलेलं कुटुंब-अॅप आहे. ते वापरणाऱ्यांच्या जागांची माहिती डेटा दलालांना विकतं, असं डिसेंबर २०२१ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने उघड केलं. पुढच्या महिन्यात कंपनीने अशी अचूक माहिती विकणं थांबवत असल्याचं सांगितलं. यावर 'त्यात नाव कुठे असतं?' असा बचाव नेहमी होतो. २०१३ साली एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाईलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नाव नसलेल्या त्या ढिगातून एक माणूस वेगळा काढायला किती ठिकाणं लागतात? वेळेसकट चार ठिकाणं पुरली, तीही ९५ टक्के लोकांच्या बाबतीत. साधं आहे. रात्री जुळे सोलापुरातल्या या इमारतीत आणि दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात असणारी माणसं शहरात असतील किती?

आणि इथे माझ्या लाडक्या धूसरतेची मर्यादा उघडी पडते. त्याच अभ्यासाने दाखवलं की जागा अधिक ढोबळ केली तरी माणूस ओळखू येणं फार सावकाश कमी होतं. म्हणजे आईपासून थोडा आडोसा हवा असेल तर 'अंदाजे' पुरतं. वर्षानुवर्षं नोंदी साठवणाऱ्या कंपनीसमोर ते तोकडं आहे. तिथे मुदत कामाला येते. आठ तासांत संपणारं लोकेशन आणि जन्मभर चालू राहिलेलं लोकेशन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

कायद्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे. त्याची माहिती हाताळण्याआधी कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे. पण कोणी व्यक्ती स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल, तर तो वापर या कायद्याच्या बाहेर आहे. कायदा कंपनीला जाब विचारतो, आईला नाही. आईला विचारायचं काम मामाकडे आलं.

ताई आधी ऐकायलाच तयार नव्हती. "मी काय चोर पकडतेय का? काळजी वाटते म्हणून बघते." यावर भाचीने एकच अट घातली. "चालेल. पण मग तूही तुझं चालू ठेव, सगळ्यांना दिसेल असं. महिनाभर." आपल्याला काय लपवायचंय, म्हणून ताईने हसत हसत मान्य केलं.

चौथ्या दिवशी दुपारी पुण्याहून फोन. "आई, तासभर झाला, नवी पेठेत साडीच्या दुकानात आहेस. पप्पांना तर म्हणालीस बँकेत चाललेय." ताईने ठणकावून सांगितलं की ती बँकेतच आहे, फोनलाच नीट कळत नाही, गल्लीत ठिपका उड्या मारतो, हवं तर मामाला विचार.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हातात पिशवी होती आणि पिशवीत साडी. फोन पुढे करून म्हणाली, "ते अंदाजे का काय म्हणालास, ते कुठं असतं रे?"