पार्श्वभूमी: चार अंशांवरचे घड्याळ आणि बेळगावची हद्द

अवयवाची पेटी घेऊन रुग्णवाहिका गेली की दुसऱ्या दिवशी बेळगावात “बर्फात घालून नेला” असे बोलले जाते. प्रत्यक्षात बर्फ अवयवाला लागू द्यायचा नसतो. एकात एक तीन पिशव्या असतात. सर्वांत आतल्या पिशवीत थंड संरक्षक द्रावात बुडालेला अवयव, दुसरीत थंड सलाइन, तिसरी वरून आवरण म्हणून. प्रत्येक पिशवीतली हवा काढूनच गाठ मारतात, कारण हवेच्या फुग्याशेजारचा भाग नीट थंड राहत नाही. मग हे गाठोडे बर्फाच्या चुऱ्यात बसते. वितळता बर्फ शून्य अंशांवर असतो, आत साधारण चार अंश मिळतात. कुल्फीवाला घालतो तसे मीठ या बर्फात पडले, तर तापमान शून्याखाली उतरते आणि अवयवाच्या कडा गोठतात. ड्राय आइस तर उणे ७८ अंशांचा, तो पेटीजवळही नको.

गोठणे एवढे वाईट का? पाण्याचे स्फटिक पेशीची आवरणे फाडतात आणि रक्तवाहिन्यांचे जाळे तोडतात. वितळल्यावर आकार किडनीचाच दिसतो, काम मात्र करत नाही. उलट चार अंशांवर पेशींचा चयापचय दहा-बारा टक्क्यांवर येतो, म्हणून ऑक्सिजनवाचून काही तास निभावतात. फुकट काही नाही: याच थंडीत पेशीतले सोडियम-पोटॅशियमचे पंप थांबतात, सोडियम आणि पाणी आत शिरते, पेशी सुजते. अवयव जपण्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मुख्यतः ही सूज रोखण्याचा आहे.

१९६७ हे साल सीमाभागात वेगळ्याच कारणाने, सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालामुळे, पाठ असते. त्याच वर्षी अमेरिकेत एका गटाने कुत्र्याची किडनी यंत्रावर थंड द्राव फिरवत ७२ तास टिकवली. यंत्र अवजड होते. १९६९ मध्ये पेशीच्या आतल्या भागासारखा, पोटॅशियम जास्त असलेला साधा द्राव आला. किडनी धुवायची आणि पेटीत ठेवायची. आज गाडीत दिसणारी पेटी त्या द्रावाची देणगी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यूडब्ल्यू (विस्कॉन्सिन विद्यापीठाचा) द्राव आला. त्यात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे पेशीत सहजी न शिरणारे मोठे रेणू पाणी बाहेर धरतात, तर अ‍ॅलोप्युरिनॉल आणि ग्लुटाथायोन रक्त पुन्हा सुरू होताना ऑक्सिजनमुळे होणारी इजा कमी करतात. या द्रावात पोटॅशियम लिटरला सुमारे १२५ मिलिमोल असते. म्हणून यकृत जोडताना तो धुऊन न काढता रक्त सोडले, तर रुग्णाचे हृदय टेबलावरच थांबू शकते. दुसरा प्रचलित द्राव एचटीके. तो पाण्यासारखा पातळ, लवकर पसरणारा, पण यकृतासाठी दहा-पंधरा लिटर लागतो.

या सगळ्यातून हाती आलेले आकडे असे: हृदय चार तास, फार तर सहा, फुप्फुस सहा ते आठ, यकृत आठ ते बारा, किडनी चोवीस, गरज पडल्यास छत्तीस. घड्याळ सुरू होते ते दात्याच्या महाधमनीला चिमटा लागून थंड द्राव आत सोडला जातो तेव्हा, गाडी निघते तेव्हा नव्हे.

इथे नातेवाइकांची हमखास गल्लत होते ती “सहा तासां”ची. मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांमध्ये कायद्याने किमान सहा तासांचे अंतर असते. त्या काळात व्हेंटिलेटर चालू, रक्त फिरते, अवयव थंड नसतो. त्या सहा तासांत अवयवाचे आयुष्य खर्ची पडत नाही. दुसरे सहा तास नेत्रदानाचे, हृदय बंद पडल्यापासून मोजायचे. घरी मृत्यू झाला तर पापण्या मिटवून वर ओला कापूस, पंखा बंद, डोक्याखाली उशी एवढे करून नेत्रपेढीला कळवावे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो सोशिक. १९७४ च्या एमके माध्यमात (कॉर्निया जपण्याच्या द्रावात) तो चार दिवस राहतो, नंतरच्या माध्यमांत चौदा दिवसांपर्यंत. ‘पेढी’ हा शब्द तिथेच शोभतो. किडनीची पेढी नसते. तिथे साठा नाही, फक्त धावपळ.

कॉर्नियाला चौदा दिवस मिळतात, त्यामुळे निपाणी कर्नाटकात की महाराष्ट्रात, याने त्याचे काही बिघडत नाही. हृदयाचे आणि यकृताचे बिघडते.

अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा १९९५ मध्ये महाराष्ट्र-गोव्यात लागू झाला. कर्नाटकाने तो आपल्या ठरावाने स्वीकारला. आरोग्य राज्यांकडे, म्हणून प्रतीक्षायाद्याही राज्यांच्या. वाटपाची उतरंड ढोबळपणे अशी: आधी राज्याची यादी, मग प्रादेशिक विभाग, मग देश. बेळगावचा विभाग दक्षिणेचा, केंद्र चेन्नई. कोल्हापूर आणि गोवा पश्चिमेचे, केंद्र मुंबई. म्हणजे बेळगावच्या दात्याचे यकृत राज्यात कोणाला जुळले नाही, तर विचारणा आधी तामिळनाडू, केरळ, आंध्र, तेलंगणकडे जाते, एकशेदहा किलोमीटरवरच्या कोल्हापूरकडे नाही. ही रेषा आखताना राज्ये अखंड उचलून विभागांत टाकली गेली. महामार्ग कोणी मोजलेला दिसत नाही.

हृदयाचा हिशेब करून पाहू. चार तासांतून जोडणीचा तास आणि धुणे-बांधणीची तीस मिनिटे वजा केली, तर दारापासून दारापर्यंत अडीच तास उरतात. धारवाड पाऊण-शे किलोमीटर, सहज बसते. बेळगाव ते बेंगळूरु रस्त्याने सुमारे पाचशे. हृदयाला रस्ता बंदच. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान इंजिन चालू ठेवून उभे असेल, तर वीस मिनिटे विमानतळापर्यंत, सुमारे तासभर हवेत आणि उतरल्यावर शहरातली तीस-पस्तीस किलोमीटर: जमते, पण धुके किंवा पंधरा मिनिटांचा उशीर झाला की काठावर. उलट उत्तरेला तवंदी घाट उतरून कोगनोळीची राज्यहद्द ओलांडायला दीड तास पुरतो. किडनीला मात्र रात्रभराचा बेंगळूरु प्रवास सोसतो, हेही सांगायला हवे. तरी वाढलेल्या प्रत्येक तासागणिक नवी किडनी पहिल्या आठवड्यात सुस्त राहण्याची, डायलिसिस लागण्याची शक्यता वाढतेच.

राज्यनिहाय यादीच्या बाजूने युक्तिवाद आहे. दाता घडवण्याची मेहनत, समन्वयक, अतिदक्षता खाटा यांचा खर्च राज्य करते. यादी उघडी सोडली तर पैसेवाले रुग्ण जिथे रांग छोटी तिथे नाव लावतील. मुद्दा खरा आहे, पण तो महानगरांना लागू पडतो. चंदगडच्या रुग्णाला बेळगावचे रुग्णालय जवळचे असते म्हणून तो तिथे येतो, रांग चुकवायला नव्हे. यादीत नाव लावायला त्याच राज्याचा रहिवासी हवा, या अटीने भरडला गेला तो हाच माणूस. गुजरातमधली तशी अट तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली आणि २०२३ च्या सुरुवातीला केंद्राने मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणी करताना अधिवासाची अट नको, असे राज्यांना कळवले. नोंदणीसाठीची पासष्ट वर्षांची वयोमर्यादाही काढली. यामुळे नाव कुठे लावायचे हे मोकळे झाले, अवयव कुठे जायचा याची उतरंड मात्र तशीच राहिली.

हद्द बदलत नसेल तर तास वाढवावेत, हा दुसरा रस्ता. यकृत शरीराच्या तापमानाला, रक्त फिरवत यंत्रावर ठेवले, तर इजेची खूण असलेली एन्झाइमे निम्म्याने घटतात आणि वेळही वाढतो, हे युरोपातल्या २०१८ च्या चाचणीत दिसले. अडचण खर्चाची आणि सोबत लागणाऱ्या प्रशिक्षित माणसाची.

पेशींचे गणित वेगळे. मूळपेशी दहा टक्के डीएमएसओत (बर्फाचे स्फटिक रोखणाऱ्या रसायनात), मिनिटाला एक अंश या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे राहतात. वापरताना ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवतात. (रुग्णाच्या श्वासाला मग दिवसभर लसणासारखा वास येतो.) ही युक्ती अख्ख्या अवयवाला लागू पडत नाही, कारण पातळ पिशवी एकसारखी गार आणि एकसारखी गरम होते, जाड अवयव होत नाही. २०२३ मध्ये उंदराची किडनी स्फटिक होऊ न देता काचेसारखी घट्ट करून शंभर दिवस ठेवली गेली, लोहाच्या सूक्ष्मकणांनी आतून तापवली आणि पुन्हा चालवली. ती किडनी एक-दोन ग्रॅमची होती. माणसाची साधारण दीडशे ग्रॅमची असते, आणि तेवढ्या आकारात गाभा व कडा सारख्या वेगाने तापल्या नाहीत तर ती काच तडकते.