टॅपेट वाजतंय, पण सेकंदाला किती वेळा?

वॉरंटी संपली आणि महिन्याभरात इंजिनातून टिक-टिक यायला लागली, म्हणजे लोकांच्या भाषेत टॅपेट वाजायला लागलं, की निदान तयारच असतं : "कंपनीनं मुद्दामच तसं बनवलंय." कोल्हापुरात याला अलीकडं ई-२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची जोड मिळालीय. जिल्हा उसाचा, इथेनॉलही उसापासून बनतं, तरी शिव्या त्यालाच.

इंजिनाला कॅलेंडर कळत नाही. वॉरंटी महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये मोजतात. झीज तेल, उष्णता आणि भार यांच्या हिशेबानं होते. खरी गोम अशी, की आवाज बऱ्याचदा आधीपासूनच असतो. खर्च आता आपल्या खिशातून जाणार म्हटल्यावर कान टवकारतात. त्यात फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या की ऑइल बदलायलाही चालढकल होते, आणि हे कारण मात्र अगदी खरं असतं.

म्हणून आधी आवाजाचा ताल बघावा. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मिनिटाला ९०० फेरे असतील तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो, कॅम साडेसात वेळा. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ढिलं झालं तर ठोका बहुतेकदा क्रँकच्या तालात पडतो. एखादा व्हॉल्व्ह वाजत असेल तर निम्म्या तालात. कानानं हे मोजणं अवघड. मोबाईलवर दहा सेकंद रेकॉर्ड करून आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या अॅपमध्ये ताणून बघा. साधारण ७५ टोकं दिसली तर संशय वरच्या भागावर, म्हणजे सिलिंडर हेडवर. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नका. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची टिक-टिक आणि मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून फुसफुसणारा एक्झॉस्टही याच निम्म्या तालात बोलतात. उद्यमनगरातला जुना मेस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवून मूठ कानाला लावतो, ते यासाठीच. ताल दोष साधारण कुठल्या मजल्यावर आहे ते सांगतो, स्क्रूड्रायव्हर खोली दाखवतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडं येतो. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. १०० मिलिमीटर लांबीचं पोलाद २०० अंशांनी तापलं तर जवळपास पाव मिलिमीटर वाढतं. ही वाढ सामावायला जागा ठेवली नाही तर गरम व्हॉल्व्ह पूर्ण मिटणारच नाही, कॉम्प्रेशन गळेल आणि व्हॉल्व्ह जळेल. जास्त जागा ठेवली तर कॅम प्रत्येक वेळी ठोकर मारत राहील. जुन्या इंजिनांत, आणि आजच्याही काही इंजिनांत, ही फट फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून मोजतात. बाकी बऱ्याच इंजिनांत हे काम कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधलं हायड्रॉलिक टॅपेट करतं.

एका छोट्या नळकांड्यात प्लंजर, त्याखाली ऑइलची कोठडी, कोठडीच्या तोंडाशी एक गोळी आणि आत एक मऊ स्प्रिंग. बस्स. कॅमचा उंचवटा टॅपेटवर नसतो तेव्हा स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून फट भरून काढते. कोठडी मोठी होते, गोळी सरकते आणि ऑइल आत येतं. पुढच्या क्षणी उंचवटा दाबतो, गोळी तोंड बंद करते, ऑइल अडकतं. ऑइल फक्त एक टक्का दाबायला १०० वातावरणांहून जास्त दाब लागतो, म्हणजे व्यवहारात ते पोलादाचा ठोकळाच झालं. मात्र प्लंजरच्या कडेनं थोडं ऑइल मुद्दाम झिरपू दिलेलं असतं. तसं नसतं तर व्हॉल्व्ह तापून लांबल्यावर टॅपेटला आखूडच होता आलं नसतं! झिरपलेलं पुढच्या फेरीत भरून निघतं. ९०० आरपीएमला हा सगळा व्यवहार सेकंदाला साडेसात वेळा होतो.

बिघाड कुठं होतो? कोठडीत हवा शिरली की. सिरिंजचं तोंड बोटानं दाबून दांडा ढकलून बघा : आत पाणी असेल तर हलत नाही, हवा असेल तर सहज आत जातो. हवेचा बुडबुडा दबतो, फट उरते, कॅम ठोकतो. रात्रभर उभ्या गाडीत जे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात त्यांची स्प्रिंग खालच्या टॅपेटमधलं ऑइल हळूहळू पिळून काढते. म्हणून डिसेंबरच्या सकाळी काही सेकंद टिक-टिक होऊन थांबली तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही. इंजिन तापल्यावरही राहिली तर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो. प्रमाणाबाहेर भरलं असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो, म्हणजे जास्त भरूनही हवाच मिळते.

इथं एक सल्ला हमखास मिळतो : "०डब्ल्यू-२० काढा, २०डब्ल्यू-५० टाका, आवाज गप्प." पहिलं ऑइल पातळ, दुसरं जाड. जाड ऑइल उशिरा झिरपतं, त्यामुळं आवाज कधीकधी दबतोही. पण थंड इंजिनात तेच ऑइल बारीक वाटांमधून वर पोचायला वेळ लावतं, आणि तोवर कॅम कोरडा घासतो. आवाज घालवणाऱ्या बाटल्यांचीही तीच गत. बंपरला बांधलेली लिंबू-मिरची निदान ऑइलमध्ये तरी मिसळत नाही.

ई-२० चं म्हणाल, तर करूळ घाट चढताना चौथ्या गिअरात रेटल्यावर होणारी कड-कड वेगळी. ते नॉकिंग. पेट्रोलचं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि सिलिंडरमधला वायू साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झला घुमतो. इथेनॉलचा ऑक्टेन (आपोआप न पेटण्याची ताकद) पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळं त्यानं नॉकिंग कमीच होतं. मायलेज घटल्याची तक्रार करा, ती रास्त आहे. टॅपेटचा गुन्हा त्याच्यावर घालू नका.

वॉरंटी नुकतीच संपली असेल तर जुनी जॉबकार्डं शोधा. मुदतीतल्या एखाद्या कार्डावर "इंजिन नॉइज" अशी नोंद असेल तर सर्व्हिस सेंटरशी बोलायला जागा राहते. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. रेकॉर्डिंग थंड इंजिनाचं एक आणि गरम इंजिनाचं एक, असं नेऊन ऐकवा. टिक-टिक असेल तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेता येते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारी खोल धब-धब आणि ऑइलचा लाल दिवा यांपैकी एक जरी दिसलं, तर इंजिन तिथंच बंद करून टोईंगवाल्याला फोन लावा.