सुटकेनंतरचा पहिला आठवडा

‘नशेसाठी चोऱ्या करणाऱ्याला चार महिने आत टाका, व्यसन आपोआप सुटेल,’ हे मत सर्रास ऐकू येतं. हेरॉइनच्या बाबतीत हा समज जिवावर बेततो.

हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं. ते चेतापेशींवरच्या ‘म्यू’ ग्राहींना (अशा रेणूंना पकडणाऱ्या जागा, रिसेप्टर) चिकटलं, की पेशीतला चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू घटतो आणि पेशी मंदावते. श्वासाची लय राखणाऱ्या, मेंदूच्या देठातल्या पेशीही त्यात आल्या. रोजच्या माऱ्याला पेशी जुळवून घेतात. तो रेणू बनवणारं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर (एन्झाइम) त्या वाढवतात, ग्राहीही बोथट होतात आणि डोस चढत जातो. पुरवठा अचानक तुटला, की वाढलेल्या विकराला आवर राहत नाही. लोकस सेरुलियस या मेंदूतल्या केंद्रातून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे शरीराला उत्तेजित करणारं रसायन उसळतं. नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात. हे नाटक नव्हे.

काही आठवड्यांत पेशी बऱ्याच अंशी पूर्ववत होतात आणि तिथेच घात होतो. सहनशक्ती ओसरते, ओढ मात्र टिकून राहते. बाहेर पडल्यावर जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबतो. इंग्लंड-वेल्समधल्या कैद्यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या आठवड्यात पुरुषांचा मृत्युदर सर्वसामान्यांच्या २९ पट, तर स्त्रियांचा ६९ पट आढळला.

तिथे २००३ पासून अटकेच्या टप्प्यावरच उपचारांची वाट दाखवणारी योजना राबवली गेली. चोरी, घरफोडीसारख्या गुन्ह्यांत पोलीस ठाण्यातच लाळ तपासायची. हेरॉइन किंवा कोकेन सापडलं, तर व्यसनोपचार कार्यकर्त्याची भेट सक्तीची. ती चुकवणं हा गुन्हा, पुढचे उपचार मात्र संमतीनेच. मला ही विभागणी योग्य वाटते.

उपचारांत मेथाडोन हे औषध मोलाचं. तेही त्याच ग्राहींवर बसतं, पण सावकाश उतरतं, त्यामुळे दिवसाला एक डोस पुरतो आणि ओढ आटोक्यात राहते. तुरुंगातही ते चालू ठेवलं, तर सहनशक्ती एकदम ढासळत नाही. ‘सात दिवसांत व्यसनमुक्ती’ देणारी चूर्णं आणि गंडेदोरे यांतलं काहीच करत नाहीत. कोकेनला मात्र मेथाडोनसारखा पर्याय नाही, तिथे भर समुपदेशन आणि वर्तनोपचारांवर.

स्कॉटलंडने २०११ पासून सुटणाऱ्या, धोक्यातल्या कैद्यांच्या हाती नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाचं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. ते मॉर्फिनला ग्राहीवरून हुसकावतं आणि श्वास परत येतो. त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो, मॉर्फिन रक्तात उरलेलं असू शकतं. म्हणून इंजेक्शन दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवावीच लागते.