पाणी नितळ झालं, पण रंगद्रव्य गेलं का?

चंबूत मेथिलिन ब्लू ह्या रंगद्रव्याचं निळं पाणी घ्यायचं, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची चिमूटभर पांढरी पूड टाकायची आणि चंबू ढवळत उन्हात ठेवायचा. निळाई हळूहळू उतरते आणि पूड गाळली की पाणी स्वच्छ दिसतं. ह्यावरून 'रंगद्रव्याचं विघटन झालं' असं लिहून लोक मोकळे होतात. खरं तर सिद्ध झालेलं असतं ते फक्त विरंगीकरण, म्हणजे रंग जाणं. खनिजीकरण, म्हणजे रेणूचा पार कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार होईपर्यंत चुरा होणं, ही वेगळी गोष्ट आहे. रंगाईचं सांडपाणी ज्या नदीत जातं, तिला गरज आहे ती खनिजीकरणाची.

रंग हा सबंध रेणूचा नसतो, त्यातल्या एका जोडणीवर तो अवलंबून असतो. सुती कापडाला लावल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांपैकी बरेचसे अ‍ॅझो जातीचे असतात. त्यांत दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध तुटला की रंग संपतो, पण दोन्ही बाजूंची बेंझिनची कडी शाबूत राहतात. बंध कसा तुटतो त्यावर अवलंबून, त्यांतून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स तयार होऊ शकतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. म्हणजे नितळ पाणी रंगीत पाण्याइतकंच, क्वचित जास्तही, घातक असू शकतं.

मेथिलिन ब्लूचं तर आणखीच. कॉस्टिक सोडा आणि ग्लुकोजच्या द्रावणात त्याचे थेंब टाकून बाटली स्थिर ठेवली की निळा रंग नाहीसा होतो. बाटली हलवली, हवेतला ऑक्सिजन मिसळला, की निळाई परत. रंगद्रव्य कुठेही गेलेलं नव्हतं, फक्त बिनरंगी रूपात बसलं होतं.

उत्प्रेरकाचं, म्हणजे त्या पांढऱ्या पुडीचं, खरं काम ह्यापुढचं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपावर ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात उडी घेतो आणि मागे धन भाराची पोकळी राहते. त्यांतून पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल्स, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात, ती बेंझिनची कडी फोडतात, मधल्या टप्प्यावर सेंद्रिय आम्लं बनतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजन अमोनियम किंवा नायट्रेटमध्ये जातो, गंधक सल्फेटमध्ये. ह्याला रंग उडण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

दोन्हींची मोजणीही निराळी. रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते सांगणाऱ्या यंत्रावर, मेथिलिन ब्लूसाठी साधारण ६६४ नॅनोमीटरला, मोजतात. खनिजीकरणासाठी टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, मोजावा लागतो. लिटरमागे १० मिलिग्रॅम मेथिलिन ब्लूमध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम कार्बन असतो. समजा रंग शून्यावर आला आणि टीओसी ४ वर थांबला, तर दोन तृतीयांश सेंद्रिय माल अजून पाण्यातच आहे. ९५ टक्के विघटनाचा आकडा वाचला की मी आधी बघतो, टीओसी दिलाय का. नसेल तर तो आकडा रंगाचा.

आणखी एक तपासणी सुटता कामा नये. पूड अंधारातही रंग शोषून घेते. म्हणून दिवा लावण्याआधी मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळून, तोवर किती रंग पुडीवर बसला ते वेगळं नोंदवतात. हे केलं नाही तर पुडीवर चिकटलेला रंगही विघटनाच्या खात्यात जमा होतो.

इचलकरंजीसारख्या गावातल्या प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या, सांडपाण्यात हा फरक जास्तच बोचतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत मीठ आणि सोडा भरपूर लागतो, त्यामुळे पाण्यात क्लोराइड आणि कार्बोनेट येतात. ते हायड्रॉक्सिल रॅडिकल्स मधल्यामध्ये खाऊन टाकतात. त्यात पाणी गडद असलं की प्रकाश पुडीपर्यंत पोचतच नाही, आणि सूर्यप्रकाशात उपयोगी अतिनील भाग मुळातच जेमतेम ५ टक्के. म्हणून ही पद्धत जैविक प्रक्रियेनंतर, उरलेल्या फिकट पाण्यावर शेवटचा हात म्हणून वापरणं मला योग्य वाटतं, आणि तिथेही पाणी सोडण्याआधी रंगाबरोबर सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) आणि टीओसी तपासूनच.